इंग्रजीचा अभ्यास आणि घरची मराठी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात इंग्रजीच्या अभ्यासावर बोलावे असे कार्यकारिणीने सुचविले, तेव्हा प्रथम आम्हांला हसू आले. मराठी मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव करावा, नाटके बसवावीत, चार कपाटांचे ग्रंथालय सांभाळावे, आणि उत्सवाच्या दिवशी व्याख्यान ठेवावे ते इंग्रजी व्याकरणावर! परंतु विशाखापट्टणमसारख्या गावी आपण जे जीवन जगतो त्याचा विचार केला म्हणजे या विषयात विसंगती उरत नाही. घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेजारच्या उत्तर भारतीय कुटुंबाशी हिंदी आणि कचेरीत इंग्रजी, अशी आपली चार चुलींवरची भाकरी आहे. त्यांतील एक चूल नेहमीच धुमसते, आणि ती कोणती हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मंडळाचा रविवारचा इंग्रजी वर्ग आम्ही तिघांनी १९८३ साली सुरू केला. त्या तिघांपैकी एक आज हयात नाहीत. त्यांच्याही वतीने आम्ही हे बोलत आहोत, म्हणून या भाषणात 'मी' हा शब्द यावयाचा नाही.

वर्ग का सुरू झाला ते प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या मंडळातील एक वहिनी लग्नापूर्वी गावी प्राथमिक शाळेत शिकवीत असत. यजमानांना येथे गोदीत नोकरी लागली आणि त्या इकडे आल्या. दोन वर्षांनी येथील एका शिक्षणसंस्थेत बालवर्गासाठी जागा निघाली. वहिनींनी अर्ज केला आणि महिन्याभरात त्यांना टंकलिखित उत्तर आले. त्यातील मुख्य वाक्य असे होते: 'युवर ॲप्लिकेशन विल नॉट बी कन्सिडर्ड अनलेस द ओरिजिनल सर्टिफिकेट्स आर प्रोड्यूस्ड बिफोर द थर्टीएथ.' वहिनींनी पत्र वाचले, घडी घातली आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिले. यजमानांना एवढेच म्हणाल्या, "नाही म्हणतायत हो." यजमान रात्रपाळीचे, थकलेले. त्यांनीही पत्र उघडून पाहिले नाही. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विषय निघाला आणि ते पत्र आमच्यापैकी एकाच्या पत्नीच्या हाती आले. तीस तारीख उलटून सात आठवडे झाले होते. मूळ प्रमाणपत्रे वहिनींच्या पलंगाखालच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, जशीच्या तशी होती.

दोष कोणाचाच नव्हता. संस्थेचे पत्र व्यवस्थित होते, आणि वहिनींचे शिक्षण काही कमी नव्हते. 'ॲप्लिकेशन', 'कन्सिडर', 'सर्टिफिकेट' हे सारे शब्द त्यांना येत होते. 'अनलेस'चा अर्थही त्यांनी शाळेत पाठ केलेला होता. मग घोटाळा कोठे झाला? त्या पत्रावर आम्ही तिघे पुष्कळ बोललो आणि हळूहळू एक गोष्ट उमगली. हेच वाक्य मराठीत असे होईल: 'मूळ प्रमाणपत्रे तीस तारखेपूर्वी दाखविल्याखेरीज आपल्या अर्जाचा विचार केला जाणार नाही.' मराठीत अट आधी येते, निकाल शेवटी, आणि 'नाही' तर अगदी टोकाला. मराठी वाचणाराला वाक्याच्या अंतापर्यंत थांबण्याची सवय असते, कारण क्रियापद आल्याखेरीज काहीच ठरत नाही. इंग्रजीत मात्र निकाल प्रारंभी सांगून टाकतात आणि अट मागाहून शेपटासारखी येते. 'नॉट' शब्द दिसला की मराठी मनाला वाटते, वाक्य संपले, आता ऐकण्यासारखे काही राहिले नाही. वहिनी 'कन्सिडर्ड' या शब्दापाशी थांबल्या त्या केवळ इंग्रजी कच्चे म्हणून नव्हे, तर वाक्य कोठे संपते याविषयीचा त्यांचा अनुभव मराठीचा होता म्हणून.

याच 'अनलेस'ने शाळेतील मुलांनाही नेहमी चकविलेले आहे. 'जोपर्यंत पैसे भरत नाही तोपर्यंत पावती मिळणार नाही' या मराठी वाक्यात 'नाही' दोनदा येते. 'अनलेस' या शब्दाने त्यातील एक 'नाही' आपल्या पोटात घेतलेले असते. मुले 'अनलेस यू डू नॉट पे' असे लिहितात आणि अर्थ नेमका उलटा होतो. शिक्षक तांबडी रेघ मारतात. पण चूक मराठीतून कशी आली हे दाखवीत नाहीत. जे दाखविले जात नाही ते पुढच्या चाचणीत पुन्हा येते.

असा आमचा वर्ग सुरू झाला. पहिल्या रविवारी सात जण होते: चार गृहिणी, दोन शिकाऊ कारागीर आणि एक निवृत्त कारकून. हे कारकून आयुष्यभर इंग्रजीत टिपणे लिहीत आले होते, तरी इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना त्यांना धाप लागे. मुले नंतर आली, आणि मुलांबरोबर त्यांच्या आईवडिलांच्या चिंता आल्या.

त्यांतील एक चिंता वारंवार ऐकू येई, आजही येते. "घरात मराठी बोलतो म्हणून मुलाचं इंग्रजी सुधारत नाही, असं शाळेत सांगितलंय. आता आम्ही घरात इंग्रजीच बोलायचं ठरवलंय." असे सांगणाऱ्या एका मातेला आम्ही विचारले, "आपण घरी इंग्रजीत काय बोलता?" त्या प्रांजळपणे म्हणाल्या, "कम, गो, ईट, स्लीप, डोन्ट." त्या घरात पूर्वी आजोळच्या गोष्टी सांगितल्या जात, भांडणे होत, थट्टा होई, भाजीवाल्याची नक्कल होई. आता पाच क्रियापदांवर संसार चालला होता. मुलाचे इंग्रजी त्यामुळे वाढले नाही. आईशी त्याचे बोलणे मात्र आटले.

हाच मुलगा उताऱ्यावरील प्रश्नोत्तरांत वर्गात पहिला येई. आम्हांला कुतूहल वाटले. आम्ही त्याला एक मराठी उतारा दिला, आमचाच रचलेला: 'एका मुंजळ दुपारी दोन गटूळ तुंभरीच्या काठी झिंगळत होते. त्यांतील मोठ्या गटूळाने धाकट्याला एक चिपरा ढुमकवला.' मग प्रश्न विचारले. गटूळ किती होते? दोन. ते कोठे झिंगळत होते? तुंभरीच्या काठी. दुपार कशी होती? मुंजळ. धाकट्याला काय ढुमकवले? चिपरा. चारांपैकी चार गुण! येथे आपण हसलात, तसा तोही हसला. हसून झाल्यावर तो जे बोलला ते आम्ही विसरलेलो नाही. तो म्हणाला, "सर, इंग्लिशचे सगळे पॅसेज मला असेच वाटतात."

आकलनाचा सराव म्हणून मुलांकडून जे करून घेतले जाते त्यात पुष्कळदा आकलनाचा अंशही नसतो. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधावयाचा, त्याच्या मागचापुढचा तुकडा उतरवून घ्यावयाचा, की उत्तर तयार. आम्ही दुसरा एक अगदी लहान उतारा ठेवतो: 'द शॉप वॉज क्लोज्ड. रघु वॉक्ड होम विथ द एम्प्टी बॉटल.' रघू घराबाहेर का पडला होता, असा प्रश्न इंग्रजीत विचारला की निम्मी मुले लिहितात, कारण दुकान बंद होते! तेच मराठीत विचारले की चटकन उत्तर येते, "तेल आणायला." उत्तर उताऱ्यात लिहिलेले नाही, ते रिकाम्या बाटलीत आहे. ते बाहेर काढण्यासाठी मुलाला विचार करावा लागतो, आणि विचार तो ज्या भाषेत करू शकतो त्या भाषेत त्याला करू दिला पाहिजे. (अलीकडे येथेही एक नवी अडचण आली आहे. बाटली घेऊन दुकानात जाणे हे आजच्या मुलांनी पाहिलेलेच नाही. गेल्या वर्षी एकीने उत्तर दिले की रघूने पाणी पिऊन बाटली संपविली. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.)

म्हणून आमच्या वर्गात एक नियम आहे. उतारा वाचून झाला की पुस्तक मिटावयाचे आणि कोण, कोणाला, कशासाठी, काय सांगत आहे हे मराठीत सांगावयाचे. ज्याला सांगता येत नाही त्याने प्रश्नांना हात लावावयाचा नाही. प्रथम प्रथम पालकांना हे पटले नाही. फी घेऊन इंग्रजीच्या वर्गात मराठी बोलवून घेतात, अशी तक्रार सर्वसाधारण सभेत झाली होती. त्या वेळी फी महिना तीन रुपये होती.

आता व्याकरणाकडे वळतो. घरोघरी रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड पुस्तक आहे. त्यातील रेन हे येथील शिक्षणखात्यात होते. पुढे 'बो जेस्त' ही साहसकथा लिहून ते प्रसिद्धीस आले. पुस्तक उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण रिकाम्या जागा भरण्याच्या अभ्यासाची एक मर्यादा आहे. तेथे काय चुकू शकेल हे आधीच सांगितलेले असते. कंसात क्रियापद दिलेले असते, की त्याचे रूप करा. बोलताना व लिहिताना कंस कोठून येणार? वीस जागी 'गोज' भरणारा मुलगा वर्गाबाहेर पडताच 'माय ब्रदर गो टु ऑफिस' म्हणतो.

सर्वांत अधिक रविवार आम्ही 'अ' आणि 'द' यांवर घालविले आहेत, आणि त्याबद्दल खंत नाही. मराठीत ही उपपदे नाहीत, म्हणून ती आपल्याला कधीच जमणार नाहीत, अशी समजूत आहे. नियम पाठ करावयाचे तर ते वीसपंचवीस, आणि अपवाद त्याहून अधिक. आमच्या दिवंगत सहकाऱ्यांनी एके दिवशी फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहिली. 'विहिरीत मांजर पडले.' 'मांजर विहिरीत पडले.' आणि विचारले, यांतील कोणते मांजर आपल्या ओळखीचे आहे? वर्गातील सर्वांनी, आठवी नापास झालेल्या शिकाऊ कारागिरानेही, दुसऱ्या वाक्याकडे बोट दाखविले. पहिल्या वाक्यात कुठलेसे एक मांजर आहे. दुसऱ्यात ते, आपले, ज्याविषयी बोलणे चालले होते ते. 'टेबलावर पुस्तक आहे' म्हणजे 'देअर इज अ बुक ऑन द टेबल', आणि 'पुस्तक टेबलावर आहे' म्हणजे 'द बुक इज ऑन द टेबल'. इंग्रजी जे काम उपपदाकडून करून घेते ते मराठी पुष्कळदा शब्दांच्या क्रमाकडून करून घेते. हा भेद आपण बोबडे बोल बोलत होतो तेव्हापासून पाळीत आलो आहोत. फक्त आपल्याला ते कोणी सांगितले नव्हते. सगळे अपवाद यातून सुटत नाहीत. नद्यांना 'द' आणि गावांना नाही, हे पाठच करावे लागते. पण ज्या मुलाला स्वतःच्या भाषेतील मांजर कळले त्याला 'द' या शब्दाची भीती राहत नाही.

अशी स्थळे पुष्कळ आहेत. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याजवळ छत्री आहे', 'घराला तीन खिडक्या आहेत', 'मला ताप आहे' या चार वाक्यांना इंग्रजीत एकच 'हॅव' पुरतो. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' येथे मराठी क्रियापद खाणाऱ्याकडे न पाहता खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. इंग्रजी क्रियापदाला वस्तूशी काही देणेघेणे नसते. 'दादा म्हणाला की मी येणार नाही' या वाक्यात न येणारा दादा आहे. ते शब्दशः इंग्रजीत नेले तर न येणारे आपण ठरतो. एका मुलीने मावशीला असेच पत्र लिहिले, आणि मावशीने तिच्या वाटचे लाडू केले नाहीत.

आणि 'वी'! इंग्रजीत हा एकच शब्द. मराठीत 'आम्ही' वेगळे, 'आपण' वेगळे. ऐकणाऱ्याला वगळून बोलावयाचे की सामावून घेऊन, हे आपल्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते. हिंदीत असा भेद नाही, पण आपल्या यजमान भाषेत, तेलुगूत, तो आहे: 'मेमु' आणि 'मनमु'. बिऱ्हाडाच्या अंगणात तेलुगू मुलांबरोबर खेळणाऱ्या आपल्या मुलांना तो दोन भाषांत येतो. एका शाळेने सहलीची सूचना काढली: 'वी शॅल लीव्ह फ्रॉम द स्कूल ॲट सेव्हन.' आपल्याकडील एका कुटुंबाने त्या 'वी'चा अर्थ 'आपण' असा घेतला. सकाळी सात वाजता आई, आजी आणि धाकटा भाऊ पुरीभाजीचे डबे घेऊन शाळेच्या फाटकापाशी उभे! बसमध्ये जागा नव्हती, म्हणून मंडळी घरी परतली; डबे मात्र सहलीला गेले. तेव्हापासून उताऱ्यात 'वी' आला की आमच्या वर्गात प्रथम विचारतात, आम्ही की आपण?

आपल्या भाषेच्या आधाराने परकी भाषा शिकणे ही काही आमची युक्ती नव्हे. मराठीचे एक आरंभीचे छापील व्याकरण महाराष्ट्रात झाले नाही. ते १८०५ साली बंगालमध्ये, हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथे, विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध केले. ते इंग्रजांना मराठी शिकविण्यासाठी होते, आणि समजावून सांगितलेले होते इंग्रजीत. जोडीला नित्याच्या व्यवहारातील संवाद. ज्या सोयीने इंग्रज मराठी शिकला ती सोय मराठी मुलाला इंग्रजी शिकताना नाकारावी, हा न्याय आम्हांला समजत नाही. पुढे आमच्या वडिलांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरविली. आज तिची थट्टा होते. तिच्यातील वाक्ये सुटी सुटी, कोणी कोणाला न म्हणणारी, हे खरे. त्या अभ्यासाने हात तयार झाला आणि जीभ मागे राहिली, हेही खरे. पण ती पिढी जे वाचीत असे ते समजून वाचीत असे.

आम्ही जो सराव मुख्यतः करून घेतो तो याहून जुना आहे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक रॉजर ॲस्कम यांचे 'द स्कूलमास्टर' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १५७० साली प्रसिद्ध झाले. लॅटिन शिकण्यासाठी त्यांनी त्यात दुहेरी भाषांतराची रीत सांगितली आहे: लॅटिन उतारा इंग्रजीत आणावा, मूळ दूर ठेवावे, निदान तासभर थांबावे, मग आपल्या इंग्रजीवरून पुन्हा लॅटिन करावे आणि मुळाशी ताडून पाहावे. आम्ही लॅटिनच्या जागी इंग्रजी व इंग्रजीच्या जागी मराठी ठेवली, आणि तासाऐवजी आठवडा. सहा ओळींचा उतारा या रविवारी मराठीत करावयाचा. वही आम्ही ठेवून घेतो. पुढच्या रविवारी स्वतःच्या मराठीवरून तो इंग्रजीत परत न्यावयाचा, आणि मग मूळ उतारा हाती देतो. मुळात 'द' आहे आणि आपल्याकडे नाही; मुळात 'हॅड गॉन' आहे आणि आपण 'वेंट' लिहिले; हे मुलगा स्वतः पाहतो, स्वतः रेघ मारतो. तांबड्या पेन्सिलीचा खर्च वाचतो. कधी कधी असेही होते की मुलाचे वाक्य मुळाहून निराळे असून चूक नसते. ते का चूक नाही यावर जो वाद होतो, तो वर्गातील सर्वोत्तम पाऊण तास असतो.

या क्षेत्रातील जाणत्यांनी वेगळे मार्गही दाखविले आहेत. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यास काम करताना १९२६ साली 'बायलिंग्वॅलिझम' हा ग्रंथ लिहिला आणि बंगाली मुलांना बोलण्याआधी वाचता येणे अधिक उपयोगाचे आहे असे मांडले. त्यांच्या वाचनमालेत नवे शब्द मोजून मापून येतात. आमच्या अनुभवाला हे पूर्णपणे जुळते. बंगळूर येथे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना वेळापत्रके, नकाशे यांवरील कोडी सोडवावयास द्यावयाची. अर्थाकडे लक्ष लागले की व्याकरण मागोमाग येते, अशी त्यांची भूमिका होती. रेल्वेचे वेळापत्रक आम्ही त्यांच्याकडूनच उचलले. मात्र नियम मुळीच सांगू नये हे आम्हांला मान्य नाही. मुलांना ते चालत असेल. चाळिशीच्या गृहिणीला 'का' या प्रश्नाचे उत्तर हवे असते, आणि ते दिले की तिचा धीर वाढतो.

उच्चारांविषयी बोलत नाही. ते आम्हांलाच धड येत नाहीत.

आज हाती भ्रमणध्वनी आहे. पत्रावर धरला की भाषांतर समोर येते, आणि बहुधा बरे असते. वहिनींच्या वेळी तो असता तर ती नोकरी गेली नसती, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण मुलाखतीत, दवाखान्यात, मुख्याध्यापकांसमोर तो मध्ये धरता येत नाही. आणि यंत्राचे भाषांतर बरोबर आहे की नाही हे ठरविण्यासाठी पुन्हा दोन्ही भाषा लागतातच. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा याच सभागृहात आपण पेढे वाटले. त्या संध्याकाळी मागच्या रांगांतील मुले इंग्रजीत कुजबुजत होती. आमचे बारीक लक्ष होते. ती 'आय ॲम not' पर्यंतच्या साध्या वाक्यांपलीकडे जात नव्हती. आणि मराठी भाषणातील विनोदाला त्यांपैकी कोणी हसलेही नाही. दोन भाषांच्या मध्ये उभी असलेली ती मुले आम्हांला वर्गाच्या बेचाळीस वर्षांतील कोणत्याही कच्च्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक काळजीची वाटतात.

वहिनींविषयी सांगावयाचे राहिले. त्या पहिल्या सात जणांत होत्या. ती जागा गेली ती गेलीच. पण तिसऱ्या वर्षी त्यांनी वर्गातील लहान मुले सांभाळावयास घेतली आणि यजमान निवृत्त होऊन ते दोघे गावी परत जाईपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे, ती शिकविली. निघताना त्यांनी ते पत्र आमच्या हवाली केले. त्याच्या घड्या आता फाटल्या आहेत, म्हणून प्रती काढून ठेवल्या आहेत. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी तीच प्रत मिळते, आणि त्याने काय समजले ते मराठीत सांगावयाचे असते.

वर्ग रविवारी सकाळी दहा वाजता, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भरतो. वयाची अट नाही. येताना दोनशे पानी वही आणि घरी आलेले कोणतेही एक इंग्रजी पत्र आणावे. विजेचे देयक, बँकेची सूचना, शाळेचे परिपत्रक, काहीही चालेल. उघडून न पाहता ठेवून दिलेले असेल तर आवर्जून आणावे.